विचारलं कुणी, कुणाला आणि कुठल्या हक्काने

‘पोलीस क्विझ ॲक्टर’ असा मथळा इंग्रजी पेपरात दिसला की, क्विझ हा शब्द शाळेतल्या प्रश्नमंजूषेतून ओळखीचा झालेल्या माणसाला क्षणभर मजा वाटते. इन्स्पेक्टर चार पर्याय देतोय आणि नट बझर दाबतोय! प्रत्यक्षात तो नट ठाण्यात घाम पुसत बसलेला असतो. मथळ्यात ‘क्विझ’ येतो तो अर्थापेक्षा जागेसाठी. रोमन लिपीत हा शब्द चार अक्षरांत बसतो. ‘क्वेश्चन’ला आठ लागतात, ‘इंटरॉगेट’ला अकरा. एका कॉलमात मथळा बसवायचा तर उपसंपादक काय करणार? ‘प्रोब’ आणि ‘ग्रिल’ यांचीही भरती याच कारणासाठी झाली. पाच-पाच अक्षरांचे ते दोघे.

आता हीच बातमी मराठी डेस्कवर येते. तिथे एक शब्द कायम तयार असतो, चौकशी. क्विझ असो, प्रोब असो, इंटरॉगेशन असो, आयोग नेमलेला असो, सगळ्यांची चौकशीच होते. रेल्वे स्टेशनवर गाडी किती वाजता सुटते हे सांगणाऱ्या खिडकीवरही ‘चौकशी’च लिहिलेलं असतं. मराठीकडे शब्द नाहीत अशातला भाग नाही. विचारपूस आहे, पृच्छा आहे, तपास आहे, झाडाझडती आहे, जाब विचारणं आहे, खोदून खोदून विचारणं आहे. पण आपण इंग्रजीतून मराठीत येताना हे विसरतो आणि मराठीतून इंग्रजीत जाताना उलटा घोळ घालतो: समानार्थी शब्दांच्या यादीतून जो जरा वजनदार दिसेल तो उचलतो. मित्राने सहज ‘कुठे निघालास?’ म्हटलं, तर लिहितो, ‘माय फ्रेंड क्वेश्चन्ड मी’. वाचणाऱ्या इंग्रजाला वाटतं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय.

या यादीतच गोम आहे. आस्क, इन्क्वायर, क्वेश्चन, क्वेरी, इंटरॉगेट, क्विझ, ग्रिल हे शब्द एका ओळीत छापले की वाटतं, विचारण्याचाच अर्थ कमी-जास्त तीव्रतेने आलाय. पण हे शब्द प्रश्नाबद्दल फारसं काही सांगतच नाहीत. प्रश्न तोच, शब्दही तेच, तरी क्रियापद बदलतं. बदलतं ते विचारणारा आणि ज्याला विचारलं तो, यांच्यातलं नातं. म्हणून मी प्रत्येक क्रियापदाला एकच कसोटी लावतो: समोरच्याला उत्तर द्यायचंच नसेल तर काय होईल?

हाउसिंग सोसायटीचं एक प्रकरण घेऊ. रंगकामाच्या बिलात काहीतरी गडबड आहे. चेअरमन खजिनदाराकडे जातात. इंग्रजी वाक्य असं आहे: ‘द चेअरमन अमुक-अमुक द ट्रेझरर अबाउट द बिल्स’. रिकाम्या जागी एकेक क्रियापद घालून पाहा.

‘आस्क्ड’ घातलं, तर काहीच बिघडलं नाही. जिन्यात भेटले, विचारलं, खजिनदार म्हणाले बघून सांगतो. न सांगितलं तरी आज आकाश कोसळत नाही. ‘क्वेश्चन्ड’ घातलं की जिना संपला आणि कमिटीची मीटिंग सुरू झाली. एकापाठोपाठ प्रश्न येतायत, विचारणाऱ्याच्या मनात शंका आहे आणि त्याला विचारण्याचा अधिकारही आहे. उत्तर टाळलं तर ते टाळणंच मिनिट्समध्ये नोंदलं जाईल. ‘ग्रिल्ड’ म्हटलं की मीटिंग दोन तास चालली आणि खजिनदार सगळ्या बाजूंनी भाजून निघाले. ग्रिल म्हणजे भाजायची जाळी, हे इथे विसरायचं नाही. ‘इंटरॉगेटेड’ म्हटलं तर दार बाहेरून बंद आहे. चेअरमन साहेबांना तो हक्क नाही, त्यामुळे हे वाक्य एक तर विनोदी आहे, नाही तर त्यांच्यावर आरोप करणारं आहे. खजिनदाराच्या बायकोने शेजारणीला सांगताना हाच शब्द वापरला असता आणि तो अगदी चपखल बसला असता.

‘क्विझ्ड’ घातलं तर ब्रिटिश पेपराचा मथळा झाला. घरगुती बोलण्यात ‘शी क्विझ्ड मी अबाउट माय जॉब’ म्हणजे तिने उत्सुकतेने, थोडं जास्तच, एकामागून एक विचारलं. यात धाक नाही, भोचकपणा आहे.

आणि आता गंमत. ‘क्वेरीड’ ब्रिटिश इंग्रजीत त्या जागेत सहसा बसत नाही. तिथे खजिनदाराला क्वेरी करत नाहीत, बिलाला करतात. ‘द चेअरमन क्वेरीड द बिल’ हे बरोबर. आणि त्याचा अर्थ ‘बिलाबद्दल माहिती विचारली’ असा नाही. ‘या बिलात काहीतरी चुकलंय असं म्हणाले’ असा आहे. क्वेरी माणसाला सोडते आणि कागदाला धरते. म्हणूनच हॉटेलात बिल आल्यावर इंग्रज माणूस ‘आय वुड लाइक टू क्वेरी धिस’ म्हणतो तेव्हा वेटरला कळतं की दोन सोलकढ्या जास्त लागल्यात. आपल्याकडच्या बँका आणि विमा कंपन्या मात्र ‘युवर क्वेरी हॅज बीन रजिस्टर्ड’ म्हणतात ते तक्रारीला तक्रार म्हणायचं नाही म्हणून. हा भारतीय इंग्रजीचा स्वतंत्र शोध आहे आणि तो निरागस नाही.

‘इन्क्वायर्ड’ही तसं बसत नाही. इन्क्वायरला थेट माणूस चालत नाही, मध्ये ‘ऑफ’ घालावा लागतो: ‘इन्क्वायर्ड ऑफ द ट्रेझरर’. एवढं अवघडलेलं वाक्य आज कुणी बोलत नाही. पण व्याकरणानेच दोघांमध्ये अंतर ठेवलंय ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी. आस्क सरळ माणसाला भिडतो, ‘आस्क हिम’. मधे काही नको. आपल्या तोंडी ‘आस्क टू हिम’ येतं, कारण ‘त्याला विचार’मधला ‘ला’ आपल्याला स्वस्थ बसू देत नाही. शिवाय ‘से टू हिम’ बरोबर असल्यामुळे तेच इथेही चालेल असं वाटतं. चालत नाही.

हे इतके शब्द इंग्रजीकडे आले कुठून, याचं उत्तर 1066 सालात आहे. त्या वर्षी फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार, न्यायालय, जमिनीची कागदपत्रं यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली. शेतात आणि चुलीपाशी जुनी इंग्रजीच राहिली. पुढे हे सगळं एकत्र आलं, पण थर मोडले नाहीत. एकाच कल्पनेसाठी तळाशी देशी शब्द, मधे फ्रेंच, वर लॅटिन. आस्क देशी आहे, क्वेश्चन फ्रेंचमार्गे आलेला, इंटरॉगेट थेट लॅटिनमधला. किंगली, रॉयल, रीगल हे दुसरं असंच त्रिकूट. अंदाज बांधायचा तर सोपा नियम आहे: शब्द जितका लांब आणि लॅटिन, तितका तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूने आलेला.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपली भाषाही अशाच थरांची आहे. ‘विचारणं’ आणि जुनं ‘पुसणं’ तळाशी, ‘पृच्छा’ संस्कृतातून वर ठेवलेली, आणि ‘सवाल’, ‘तहकीकात’ फार्सी दफ्तरातून आलेले. पत्नीने पृच्छा केली असं लिहिलं तर ते विनोदी लिखाण आहे हे वाचकाला लगेच कळतं. ‘शी इंटरॉगेटेड मी’मधला विनोद नेमका याच जातीचा.

मुळाशी गेलं तर नाती आणखी जवळची निघतात. आस्क आणि आपली ‘इच्छा’ ही एकाच आद्य धातूची लेकरं, मूळ अर्थ शोधणं, हवं असणं. ‘पृच्छा’ आणि ‘पुसणं’ ज्या धातूतून आले त्यातूनच लॅटिनमार्गे इंग्रजीतला ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणं, हा शब्द आला. जर्मनमधलं ‘फ्रागेन’ही त्याच घरातलं. क्वेश्चन, क्वेरी, क्वेस्ट, इन्क्वायर, रिक्वेस्ट, रिक्वायर यांचं लॅटिन मूळ ‘क्वाएरेरे’, त्याचाही अर्थ शोधणंच. क्रिकेटच्या कॉमेंट्रीत एक जण ‘आस्किंग रेट’ म्हणतो आणि दुसरा ‘रिक्वायर्ड रेट’. आकडा एकच. एकाने तळाचा शब्द उचललाय, दुसऱ्याने वरचा.

जाता जाता आस्कच्या उच्चाराबद्दल. ‘आक्स’ असा उच्चार करणाऱ्यांना, विशेषतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना, अडाणी समजायची रीत आहे. प्रत्यक्षात हा उच्चार हजार वर्षांचा जुना आहे. 1535 मध्ये छापलेल्या कव्हरडेलच्या इंग्रजी बायबलात ‘मागा म्हणजे तुम्हाला मिळेल’ या वचनात ‘ॲक्स’ असंच छापलंय. पुढे ‘आस्क’ प्रतिष्ठित ठरला आणि दुसरा खालच्या पायरीवर गेला. यात भाषेची चूक काहीच नाही.

क्वाएरेरेच्या कुटुंबात एक काळा चेहरा आहे, इन्क्विझिशन. कॅथलिक चर्चची धर्मसमीक्षण संस्था, जिच्या नावाचा अर्थ शब्दशः ‘चौकशी’ एवढाच. गोव्यात ती 1560 मध्ये आली आणि मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत होती. ज्या शब्दाने आज आपण खिडकीवर गाडीची वेळ विचारतो, त्याच्याच सख्ख्या भावाने तिथे माणसाला आरोप न सांगता, कुणी तक्रार केली हे न कळू देता, वर्षानुवर्षं कोठडीत ठेवलं. इंग्रजीत अजूनही कुणी फारच प्रश्न विचारायला लागलं की ‘व्हॉट इज धिस, द इन्क्विझिशन?’ म्हणतात. लंडनमध्ये ते हसून म्हणता येतं.

आता स्पेलिंगची भानगड. इन्क्वायर हा शब्द ‘आय’ने सुरू होतो की ‘ई’ने? अमेरिकन लोकांनी प्रश्न मिटवला, सगळीकडे आय. ब्रिटिश लेखनात मात्र एक वाटणी झालीय: साधं विचारायचं असेल तर ई, रीतसर चौकशी बसवायची असेल तर आय. म्हणजे दुकानाच्या काचेवर ‘एन्क्वायर विदिन’ आणि दंगलीनंतर ‘पब्लिक इन्क्वायरी’. ही वाटणी सगळे पाळत नाहीत, पण ती उपयोगी आहे. भारतात रेल्वेची खिडकी ई पाळते आणि 1952 चा ‘कमिशन्स ऑफ इन्क्वायरी ॲक्ट’ आय पाळतो, इथपर्यंत ठीक. मग सरकारी कर्मचाऱ्याची खातेनिहाय चौकशी येते आणि ती कागदोपत्री कधी ई, कधी आय. ज्याची चौकशी चाललीय त्याला स्पेलिंगची फिकीर नसते.

1952 च्या त्या कायद्याखालचा आयोग म्हणजे इन्क्वायर या क्रियापदाचा स्वभाव समजायला उत्तम नमुना. आयोग साक्षीदारांना बोलावू शकतो, शपथेवर साक्ष घेऊ शकतो, कागदपत्रं मागवू शकतो. पण शिक्षा देऊ शकत नाही. त्याचा अहवाल ही शिफारस असते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईतल्या दंगलींवर नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल 1998 मध्ये आला आणि पुढे काय व्हायचं ते सरकारच्या हातात राहिलं. लोकांना ‘चौकशी’ या शब्दात शिक्षेची चाहूल लागते. इन्क्वायरीत ती मुळातच नाही. इन्क्वायरी सत्य शोधते, आणि तिथे थांबते.

फौजदारी कायदा तर इथे शब्दांच्या बाबतीत फारच काटेकोर आहे. दंड प्रक्रिया संहितेत ‘इन्व्हेस्टिगेशन’ आणि ‘इन्क्वायरी’ यांच्या वेगवेगळ्या व्याख्या होत्या आणि 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. पुरावे गोळा करण्यासाठी पोलीस करतात ते इन्व्हेस्टिगेशन. न्यायदंडाधिकारी किंवा न्यायालय करतं, आणि जो प्रत्यक्ष खटला नसतो, ती इन्क्वायरी. म्हणजे या व्याख्यांनुसार पोलीस करतात ती इन्क्वायरी नव्हे. सीबीआयच्या मराठी नावात ‘अन्वेषण’ आहे, चौकशी नाही, ते यामुळेच. आणि साक्षीदाराला पोलिसांनी प्रश्न विचारणं याला संहितेत शब्द आहे ‘एक्झॅमिन’. बघा, एकाच खोलीत एकच गोष्ट घडते. कायदा म्हणतो एक्झॅमिनेशन, पेपर म्हणतो क्वेश्चनिंग, सिनेमा म्हणतो इंटरॉगेशन.

क्वेश्चन या क्रियापदाला एक दुसरं अंग आहे, त्यावर आपली माणसं हमखास घसरतात. त्याच्यापुढे माणूस आला तर प्रश्न विचारणं, वस्तू किंवा कल्पना आली तर शंका घेणं. ‘आय क्वेश्चन युवर फिगर्स’ म्हणजे तुमच्या आकड्यांबद्दल विचारतोय असं नाही, तुमचे आकडे मला पटत नाहीत. ‘आय क्वेश्चन युवर मोटिव्हज’ तर भांडणच. याउलट आपण भारतीय वर्गात हात वर करून ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणतो. परदेशी प्राध्यापकाला वाटतं, याचा माझ्यावर विश्वास नाही. आपल्याला म्हणायचं असतं, मला एक शंका आहे. ‘शंका’ या आपल्या शब्दात प्रश्न आणि अविश्वास दोन्ही गुण्यागोविंदाने राहतात. इंग्रजीने त्यांची वेगळी बिऱ्हाडं केली. वर्गातल्या साध्या अडचणीला ‘आय हॅव अ क्वेश्चन’ पुरे.

नाम म्हणून क्वेश्चनच्या मागे कुठलं क्रियापद लावलंय तेही बघायचं. ‘आस्क अ क्वेश्चन’मध्ये उत्तराची अपेक्षा आहे. ‘रेझ अ क्वेश्चन’मध्ये ती असेलच असं नाही, मुद्दा सगळ्यांसमोर ठेवला, आता ज्याचं त्याने बघावं. आणि संसदेत अध्यक्ष ‘पुट द क्वेश्चन’ करतात तेव्हा कुणी काही विचारतच नाही, प्रस्ताव मताला टाकला जातो.

आता इंटरॉगेटकडे नीट पाहू, कारण या शब्दाचा अर्थ काय यावर एकदा एका देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला डोकं लावावं लागलं. अमेरिकेत 1966 च्या मिरांडा निकालानंतर नियम झाला: माणूस ताब्यात असेल आणि त्याने वकील मागितला, तर वकील येईपर्यंत त्याचं इंटरॉगेशन थांबलं पाहिजे. मग 1975 साली ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात एक प्रकरण घडलं. टॅक्सीचालकाच्या खुनाच्या संशयावरून पोलिसांनी इनिस नावाच्या एकाला पकडलं. बंदूक सापडलेली नव्हती. त्याला हक्क वाचून दाखवले, त्याने वकील मागितला. ठाण्याकडे जाताना गाडीत पोलिसांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ते आपापसात बोलत राहिले. इथे जवळच अपंग मुलांची शाळा आहे, एखाद्या पोराच्या हाती ती बंदूक लागली आणि काही झालं तर, अशा अर्थाचं बोलणं. मागच्या सीटवरचा माणूस मध्येच म्हणाला, गाडी वळवा, बंदूक कुठे आहे ते दाखवतो.

प्रश्नचिन्ह कुठेच नाही. मग हे इंटरॉगेशन की नाही? 1980 मध्ये ‘ऱ्होड आयलंड विरुद्ध इनिस’ या निकालात न्यायालयाने व्याख्या केली. इंटरॉगेशन म्हणजे फक्त थेट प्रश्न नव्हेत. प्रश्नाचं काम करणारं कोणतंही बोलणं किंवा वागणं, ज्यातून समोरचा स्वतःला अडकवणारं काही बोलेल असं पोलिसांना कळायला हवं होतं, तेही इंटरॉगेशनच. व्याख्या एवढी रुंद केल्यावर त्याच न्यायालयाने बहुमताने ठरवलं की या गाडीतलं बोलणं मात्र त्यात बसत नाही. तिघा न्यायमूर्तींना हे पटलं नाही. मलाही व्याख्या पटते, निकाल पटत नाही. पण भाषेच्या दृष्टीने पाहिलं तर दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलीय: इंटरॉगेशन वाक्यरचनेवरून ओळखायचं नाही, कोण कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्या तोंडून काय काढायचंय यावरून ओळखायचं. प्रश्नाशिवाय इंटरॉगेशन होऊ शकतं. प्रश्नाशिवाय आस्क होऊ शकत नाही.

न्यायालयात मात्र प्रश्नांची वाटणी ठरलेली असते, आणि इथे मराठीकडे इंग्रजीइतकेच नेमके शब्द आहेत. आपल्या साक्षीदाराला आपल्या वकिलाने विचारायचं ती सरतपासणी, विरुद्ध बाजूने विचारायचं ती उलटतपासणी, आणि पुन्हा आपल्या वकिलाने सावरून घ्यायचं ती फेरतपासणी. ‘क्रॉस-एक्झॅमिन’चा बोलण्यातला अर्थ धारेवर धरणं असा झालाय, पण मुळात क्रॉस म्हणजे फक्त समोरून. याच दालनातला दुसरा शब्द ‘लीडिंग क्वेश्चन’. टीव्हीवरच्या चर्चेत अडचणीच्या, टोचणाऱ्या प्रश्नाला हे नाव देतात. ते चूक आहे. 1872 च्या पुरावा कायद्यापासून त्याचा अर्थ असा की, विचारणाऱ्याला जे उत्तर हवंय ते प्रश्नातच सुचवलेलं आहे. ‘लाल गाडीने सिग्नल तोडला तो तुम्ही पाहिलात ना?’ हा लीडिंग. ‘तुम्ही काय पाहिलंत?’ हा नव्हे. त्यामुळे लीडिंग क्वेश्चन सहसा सोपा असतो. साक्षीदाराने नुसती मान हलवायची. सरतपासणीत त्यावर हरकत घेता येते, उलटतपासणीत तो चालतो.

आतापर्यंत वरून खाली विचारणं झालं. खालून वर, किंवा अनोळख्याला विचारायचं तर इंग्रजी काय करते? मराठीत ‘तू’ सोडून ‘तुम्ही’ म्हटलं, मागे ‘अहो’ लावलं, क्रियापद बदललं की काम झालं. इंग्रजीनेही एकेकाळी ‘दाउ’ आणि ‘यू’ असा भेद ठेवला होता. तो गेला. सगळे ‘यू’ झाले, मग आदर ठेवायचा कुठे? तो क्रियापदाच्या काळात जाऊन बसला. ‘आय वॉन्ट टू आस्क’ रोखठोक. ‘आय वॉन्टेड टू आस्क’ मऊ, जरी विचारायचं आत्ताच असलं तरी. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ तर इतकं मऊ की विचारणारा जणू स्वतःशीच बोलतोय आणि तुमच्या कानावर चुकून पडलंय. भूतकाळ वापरून समोरच्याला पळवाट दिली जाते: नाही म्हणालात तर मी काही मागितलंच नव्हतं. साहेबाच्या ई-मेलमध्ये ‘आय वॉज जस्ट वंडरिंग’ आलं की मात्र पळवाट नसते. ते काम संध्याकाळपर्यंत हवंय.

याच वळणाचा ‘वुड यू माइंड’ आपल्याला फसवतो. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ याला आपण उत्साहाने ‘येस, येस’ म्हणतो आणि खिडकी उघडतो. शब्दांचा हिशेब धरला तर आपण म्हणालो, हो, माझी हरकत आहे. बरोबर उत्तर ‘नॉट ॲट ऑल’. इंग्रज लोकही सर्रास ‘शुअर’ म्हणून खिडकी उघडतात, तेव्हा फार मनावर घ्यायचं कारण नाही.

उरलेल्यांचं पटकन. ‘डिमांड’ला विचारणं म्हणून कधी वापरू नये. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. इंग्रजीत येईपर्यंत त्याची मूठ टेबलावर आपटलेली आहे. ‘पंप’ म्हणजे चिकाटीने विचारून विचारून माहिती उपसून काढणं. ‘प्राय’ म्हणजे दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणं, हे क्रियापद स्वतःबद्दल कुणी वापरत नाही. ‘हेकल’ची कथा मला आवडते. हेकल म्हणजे ताग-अंबाडीसारखे तंतू विंचरायची दात्यांची फणी. स्कॉटलंडमध्ये निवडणुकीतल्या उमेदवाराला भर सभेत प्रश्नांनी विंचरून काढणं याला हा शब्द लागला. आज हेकल म्हणजे नुसतं ओरडून भाषणात व्यत्यय आणणं, प्रश्न असायलाच हवा असं नाही.

आणि सगळ्यात नवा पाहुणा सगळ्यात जुन्या घरातला आहे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हल्ली विचारतात, ‘सो व्हॉट इज द आस्क?’ क्रियापदाचं नाम झालं. क्रिकेटमध्ये आणि एकूण खेळांत ‘बिग आस्क’ आधीपासून होतंच: शेवटच्या षटकात वीस धावा म्हणजे मोठं मागणं. पण कंपनीतल्या ‘द आस्क’मध्ये एक हुशारी आहे. ‘रिक्वेस्ट’ म्हटलं तर नाकारता येते. ‘ऑर्डर’ म्हटलं तर कुणी दिली हे सांगावं लागतं. ‘द आस्क’ला कर्ता नाही. कुणी विचारलं, कुणाला विचारलं, नाही म्हणायची सोय आहे का, यातलं काहीच वाक्यात नाही. फक्त मुदत असते, आणि ती बहुतेक शुक्रवारची असते.